पहिल्या आलेल्या मुलीचा मान

मोगलाईतल्या, म्हणजे हैदराबाद संस्थानातल्या, एखाद्या कसब्यात मुलींची शाळा चालवणे म्हणजे काय, हे इंग्रजी मुलखातल्या वाचकाला सांगायचे तर आधी त्याच्या मनातली शाळा पुसून टाकावी लागेल. बाक नाहीत, घंटा नाही, नकाशा नाही. वेळापत्रक भिंतीवर असते आणि भिंतीवरच राहते. बीड जिल्ह्यातल्या ज्या कसब्यात मी काम करते, तिथली शाळा देशमुखांच्या जुन्या कडब्याच्या कोठारात भरते. वर माळवद, खाली सारवलेली जमीन, मध्ये सतरंजी, आणि माझ्यासाठी एक सरकारी खुर्ची. कडब्याचा वास अजून गेलेला नाही. ओल धरली की तो वाढतो.

मी पुण्याच्या एका महाविद्यालयातून विज्ञानाची पदवी घेतली. रसायनशाळेतल्या तराजूच्या काचपेटीसमोर श्वास आवरून बसण्यात मला जे सुख मिळे, ते इतर कशात मिळाले नाही. हैदराबादला मुलींच्या कॉलेजात विज्ञान शिकवण्याची जागा मला हवी होती. खात्याने सांगितले, आधी जिल्ह्यात काम करून दाखवा, मग पाहू. मी जिल्ह्याला पायरी समजून इथे आले. पायरीवर इतकी वर्षे उभे राहावे लागेल, असे मात्र वाटले नव्हते.

या गावात शाळा पूर्वी नव्हती असे नाही. म्हातारी माणसे एका पंतोजींची आठवण सांगतात. ते मारुतीच्या ओसरीवर मुलांना बसवत, धूळपाटीवर बोटाने अक्षरे काढून घेत, आणि सुगी आली की शाळा गुंडाळत, कारण सुगीत मुलेही शेतात आणि पंतोजीही शेतात. पुढे देशमुखांच्या थोरल्या भावाने स्वतःच्या हौसेने एक खाजगी शाळा काढली. मोगलाईत खाजगी शाळेलासुद्धा सरकारची परवानगी लागते. ती त्यांनी मागितली नव्हती. तहसिलीतून एक माणूस आला, दुसऱ्या दिवशी शाळा बंद झाली, आणि जागेत पुन्हा कडबा भरला गेला. त्यानंतर मुलांची सरकारी शाळा आली. मुलींची सर्वांत शेवटी. तिचे कारण मी खुद्द देशमुखांना विचारले होते. ते म्हणाले, “शेजारच्या कसब्यात पोरींची शाळा निघाली. त्यांच्याकडं हाय, आपल्याकडं न्हाई, हे काय बरं दिसतं का बाई?”

माणूस खोटे बोलत नव्हता. माझी शाळा ईर्ष्येच्या पायावर उभी आहे. कारण कसेही असो, परिणाम बरा आला तर तक्रार कशाला करायची, असे मला त्या वेळी वाटे. परिणाम कारणाची खूण अंगावर बाळगून येतो, हे मला नंतर कळले.

बाहेरच्यांना वाटते, शिक्षिकेचे काम शिकवण्याचे. शिकवणे हा त्यातला सोपा भाग. अवघड काम मुली जमवण्याचे, आणि त्यासाठी सरकारने मला सखूबाई दिली आहे. ती शाळेची शिपाईण. सकाळी ती गल्लीत शिरली की कोणी मुलगी भावाला काखेत घेऊन येते, कोणी शेणाचे हात धूत येते, कोणी शेतावर भाकरी पोचवून मग येते. कपिलधारची जत्रा असली की कोणीच येत नाही. कापसाची वेचणी लागली की मी शाळा दुपारी उशिरा भरवते. वेचणीला मुलींची फार मागणी असते, कारण त्यांची बोटे बारीक. बोंडातून कापूस न तोडता काढणारी तीच बोटे पाटीवर पहिल्याच महिन्यात सुबक अक्षर काढतात. पण हा गुण गावाने फक्त कापसात पाहिला होता.

गिऱ्हाइके नाना तऱ्हेची. एक आई मुलीला घेऊन आली आणि अट घालू लागली, “बाई, हिला वाचाय शिकवा. लिवाय नगं.”

“लिहायला का नको?”

“वाचाय आलं तर पोथी वाचंल, बरं हाय. लिवाय आलं म्हंजी सासरहून सारखं पत्र धाडंल. मला हे झालं, मला ते झालं. मग आमाला हितं झोप लागावी कशी?”

तिने मांडलेले कारण इतके खरे होते की वाद घालायला जागाच नव्हती. मुलीला मी लिहायलाही शिकवले. ती आता सासरी आहे. तिचे पत्र आलेले नाही. ती सुखात आहे की तिला कागद मिळत नाही, हे मला ठाऊक नाही.

दुसरे गिऱ्हाईक याहून वाईट. शाळा निघाल्यावर आसपासच्या गावांना शोध लागला की, सून पाहायची तर घरोघर हिंडायला नको, मुली एका जागी ओळीने बसलेल्या सापडतात. एकदा एक भला मोठा पटका बांधलेले गृहस्थ सरळ आत आले आणि माझ्या खुर्चीवर बसले.

“काय काम आहे?”

“काई न्हाई. दिंद्रुडच्या बाजारला गेलतो. वाटंत म्हनलं, शाळा बघावी.”

“मग भिंती पाहा. मुलींकडे काय पाहता?”

“भिंती काय सून म्हनून घरी नेता येत्यात व्हय, बाई?”

मुली पाटीआड तोंड लपवून हसू लागल्या. सखूबाई दारातून म्हणाली, “उठा पाव्हणं. त्या खुर्चीचा एक पाय मोडका हाय. सरकारी खुर्ची हाय, पडलाव तर पंचनाम्याला तहसीलदार येतील.” पाहुणे उठले. अशांना परतवण्याचा कायदेशीर मार्ग माझ्यापाशी नव्हता. सखूबाईपाशी बेकायदेशीर मार्ग पुष्कळ होते.

घरी मात्र आईबापांना एकच उत्तर पुरत असे: “पोरगी अजून परकरात हाय.” बाहेरच्या वाचकाला हे समजावून सांगितले पाहिजे. इकडे मुलीचे वय कोणी वर्षांत मोजत नाही. ते कपड्यावरून ठरते. परकर-पोलक्यात आहे तोवर ती लेकरू, आणि लेकराला मागणी घालणाऱ्याला बाप हसतहसत वाटेला लावू शकतो. अंगावर लुगडे आले की ती बाई, आणि मग बापाची हसण्याची सोय संपते. इंग्रजी मुलखात लग्नाच्या वयाचा कायदा झाला आहे म्हणतात. तो आमच्या हद्दीत चालत नाही. आमचा कायदा एवढाच: परकर.

या परकराच्या आधाराने मला ठकू मिळाली.

ठकू ही ज्ञानोबा नावाच्या शेतकऱ्याची धाकटी मुलगी. सिंदफणेच्या काठी त्याचे विहिरीचे रान आहे. माणूस कमी बोलणारा, राबणारा. मुलगी त्याच्यासारखी, फक्त कमी बोलण्याचा भाग वगळून. एकदा मी बी कसे रुजते ते शिकवत होते. पाणी, हवा आणि ऊब लागते, असे सांगितले, मुलींनी ते पाठ केले आणि धडा संपला. काही दिवसांनी ठकू एक वाटी आणि एक तांब्या घेऊन आली. वाटीत ओल्या फडक्यात ज्वारी होती, तिला मोड आले होते. तांब्यात ज्वारी पाण्यात बुडवलेली होती, तिचा आंबूस वास येत होता.

“बाई, पान्यातली कुजली. पानी तर जास्त हुतं की तिला.”

“मग उणे काय पडले?”

ती विचार करत राहिली. मी थांबले. थांबणे हे आमच्या धंद्यातले सर्वांत कठीण काम आहे.

“हवा,” ती म्हणाली. “पन बाई, हवा मी न्हाई काढून घेतली. पान्यानं काढली.”

सांगितलेले पाठ म्हणणाऱ्या मुली मला पुष्कळ मिळाल्या. सांगितलेले तपासून पाहणारी ही पहिली. त्याच दुपारी तिची आई पारूबाई शाळेच्या दारात येऊन भांडून गेली. “बाई, पेराची ज्वारी हो ती! तुमी शिकवा, आमी न्हाई म्हनत न्हाई, पन ज्वारी तुमच्या घरची शिकवा.”

शाळा चौथीपर्यंत होती. ठकूची चौथी संपत आली होती. पुढच्या जमातीसाठी, म्हणजे इयत्तेसाठी, मुलीला बीडला पाठवावे लागे, आणि मुलीला बीडला पाठवणारा शेतकरी त्या भागात जन्माला आलेला नव्हता. मी ज्ञानोबाच्या विहिरीवर गेले. तो मोट थांबवून आला, डोक्यावरचा पटका सावरला आणि खाली पाहत बोलला.

“बीडला न्हाई धाडायचो, बाई. रागावू नगा. हितं पाचवी निघाली तर शिकंल.”

“आणि मधल्या काळात स्थळे आली तर?”

“येत्यात की. आलतं एक परवा. मी म्हनलं, परकरात हाय. गेलं निघून. परकरात हाय तवर मी सांगंल ते खरं. तुमी पाचवी आना, मी तोंडं बंद ठेवतो त्यांची.”

पारूबाई बांधावरून म्हणाली, “आनि किती दिस ठेवशीला?”

“शिकंल तवर,” तो म्हणाला. त्याच्या तोंडून हा शब्द मी स्वतः ऐकला. म्हणून पुढे जे झाले त्याचा दोष मी त्याला देऊ शकत नाही.

मी खात्याकडे पाचवीची मागणी केली. त्यावर मुआयना ठरला. मुआयना म्हणजे शाळेची तपासणी. मुलींच्या शाळांसाठी हैदराबादहून नेमलेल्या मोहतमिमा साहेबा ती करत. त्या पडद्याच्या गाडीतून आल्या, बुरखा बाजूला केला, खुर्चीवर बसल्या आणि पहिल्याच वाक्यात सगळे स्पष्ट केले, “बाई, लडकी दिखाइए, जमात लीजिए.” पाचवी शिकू शकेल अशी मुलगी इथे आहे, एवढेच मला सिद्ध करायचे होते.

त्या हुशार होत्या. पुस्तकातले काही विचारले नाही. कोपऱ्यातल्या मडक्याकडे आणि त्याशेजारच्या पितळी घागरीकडे बोट दाखवून त्यांनी विचारले, पाणी मडक्यात गार होते, घागरीत का होत नाही? मी प्रश्न मराठीत सांगितला. ठकू उठली.

“मडकं पाझरतं. भायेर आलेलं पानी वाळतं. वाळताना आतली ऊब घेऊन जातं. नदीत न्हाऊन वाऱ्यात हुबं राहिलं की हिव भरतं, तसं. घागर पाझरत न्हाई, मग ऊब जाईल कशी?”

“किसने सिखाया?”

ठकूला तेवढे हिंदुस्थानी कळत होते. “गार हुतं, हे सगळ्यांनाच म्हाईत हाय,” ती म्हणाली. “कावून हुतं, ते मी बाईंना इचारलं.”

मोहतमिमा साहेबा हसल्या. म्हणाल्या, “जमात मंजूर समझिए.” शिवाय मला बाजूला घेऊन त्यांनी माझे शिक्षण विचारले आणि हैदराबादच्या जागेचा विषय स्वतःहून काढला. त्या क्षणी कडब्याच्या त्या कोठारात माझ्याइतकी सुखी बाई दुसरी नसेल.

देशमुख बाहेर ओट्यावर बसून ऐकत होते. गाडी गावाबाहेर जाते न जाते तोच त्यांनी मला सदरेवर बोलावले. मोठी दिलदार मुद्रा झाली होती त्यांची. “हैदराबादच्या साहेबीनबाईला आपल्या गावच्या पोरीनं उत्तर दिलं! बाई, हिचा मान झाला पायजे. बाजाराच्या दिवशी, साऱ्या गावासमोर.”

मुलांच्या शाळेत पहिल्या आलेल्या मुलाला देशमुख स्वतःच्या हाताने पटका बांधत. हा त्या घराण्याचा रिवाज होता. मुलीचा मान मात्र गावात कधी कोणी केलाच नव्हता, म्हणून तिला काय द्यायचे, यावर सदरेवर खल सुरू झाला. मी म्हटले, “पुस्तक द्या.”

“पुस्तक? कापडाबिगर मान असतोय व्हय, बाई? उद्या लोक म्हणतील, पोरीला द्यायला देशमुखाच्या घरात कापड न्हवतं.”

“मग परकराचे कापड द्या.”

“ते आमी दर दिवाळीला गड्यांच्या पोरींना देतो. मान म्हंजी लुगडं. इरकली.”

“लुगडे द्यायचेच असेल तर तिच्या आईला द्या.”

“आई पहिली आली व्हय?” देशमुख म्हणाले, आणि सदरेवरची माणसे खदखदून हसली.

मी हसले नाही. मी त्यांना सगळे उलगडून सांगितले: मुलगी परकरात आहे म्हणून बाप स्थळे परतवतो आहे. ती लुगड्यात दिसली की त्याचे उत्तर संपेल, आणि जिच्यासाठी पाचवी आली तीच पाचवीत बसणार नाही. देशमुखांनी ते लक्ष देऊन ऐकले. ते वाईट गृहस्थ नव्हते. म्हणाले, “बरं. हातात देऊ. नेसवायचं न्हाई. झालं समाधान?”

झाले. शब्द दिला गेला होता. पण तो सदरेवर दिला गेला होता, आणि मान द्यायचे काम माजघराचे होते.

बाजाराच्या दिवशी शाळेपुढच्या लिंबाखाली माणूस मावत नव्हता. ज्ञानोबा धुतलेला पटका बांधून पुढे बसला होता. मला देशमुखांशेजारी बसवले होते. त्यांचे भाषण सुरू झाले आणि त्यात त्यांच्या थोरल्या भावाची शाळा, तहसील, सरकारची मेहेरबानी असे सर्व काही येऊ लागले. ठकूला बायकांनी ओटी भरण्यासाठी शाळेच्या आत नेले होते. ओटी भरायला किती वेळ लागतो, हे मला माहीत होते. तेवढा वेळ होऊन गेला तशी मी उठले आणि दाराशी गेले.

दार आतून लावलेले होते. देशमुखीणबाईंचा आवाज आला, “बाई, बसा तुमी. घडी मोडाय लागलोत आमी.”

“हातात द्यायचे ठरले आहे!”

“मानाचं लुगडं घडीचं घेऊन जात न्हाईत. देणाराच्या डोळ्यादेखत नेसून घडी मोडावी लागती. न मोडता नेलं तर पसंत न्हाई असं हुतं. तुमी शिकलेल्या, तुमाला हे कोन सांगनार?”

खरेच आहे. मला ते कोणी सांगितले नव्हते, आणि देशमुखांना ते ठाऊक असूनही त्यांच्या ध्यानात आले नव्हते, कारण पटक्याला घडी नसते. तो बांधतच देतात. मुलीचा मान करायचा म्हणजे काय करायचे, याचा विचार त्या गावाने आयुष्यात प्रथमच केला होता. बाईचा मान करण्याचा एकच मार्ग गावाला येत होता. तोच त्यांनी एका लेकरावर मनापासून वापरला.

दार उघडले. ठकू हिरव्या इरकलीत बाहेर आली. डोक्यावर पदर, कपाळावर मळवट, ओटीत नारळ आणि तांदूळ. नऊवारीच्या ओझ्याने ती पाऊल मोजून टाकत होती आणि त्यामुळे होती त्याहून मोठी दिसत होती. तिने मला पाहिले आणि हसली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आजवर त्या गावात एखाद्या मुलीसाठी टाळी वाजली असेल असे मला वाटत नाही.

देशमुखांचे एक सोयरे युसूफवडगावहून बाजाराला आले होते. ते पुढे झुकून म्हणाले, “पोरगी शोभती की लुगड्यात. कुणाची म्हनायची?”

नेहमीचे उत्तर ज्ञानोबाच्या ओठांवर आलेले मी पाहिले. त्याने तोंड उघडले, मुलीकडे पाहिले, आणि मिटले. मग म्हणाला, “माझी हाय.”

मागणी आठवड्याच्या आत आली. घर चांगले होते, हे मला मान्य केले पाहिजे. मी पुन्हा विहिरीवर गेले.

“ज्ञानोबा, तुम्ही शब्द दिला होता.”

“दिलता. पन आता काय सांगू त्यांना? परकरात हाय म्हनू? साऱ्या बाजारानं लुगड्यात बगितली.”

“उद्यापासून तिला पुन्हा परकर घाला. काय बिघडते?”

पारूबाई मध्ये पडली. “गावानं नेसवलेलं लुगडं उतरवू? देशमुखांनी दिलेला मान अंगावरनं काढून खुंटीला टांगू? बाई, आमाला ह्याच गावात राहायचं हाय. तुमची बदली हुती, आमची कशी हुनार?”

मी देशमुखांकडे गेले. त्यांनी एक शब्द टाकला असता तर स्थळ थांबले असते. त्यांना माझे बोलणे ऐकून दुःख झाले. माझ्यामुळे नव्हे, मी त्यांच्या मानाला अपाय म्हणत होते म्हणून. “आमच्या घरच्या लेकीलाबी कधी असा मान दिला न्हाई, बाई,” ते म्हणाले. “आनि तुमी म्हनता, आमी पोरीचं वाटोळं केलं. तिच्या लग्नाचा मांडव आमी घालून देतो. आनखी काय करावं मानसानं?”

काही नाही. त्यांनी करण्यासारखे सर्व काही करून झाले होते.

पाचवीची मंजुरी हैदराबादहून आली तेव्हा ठकूच्या घरी लग्नाच्या हळदीचे जाते मांडले होते. ठकूच्या उत्तरावर मिळालेल्या त्या जमातीत देशमुखांची पुतणी आणि आणखी दोघीतिघी बसल्या. त्यांना मडक्यातले पाणी गार होते, एवढे ठाऊक होते.

लग्नाच्या अक्षता घेऊन पारूबाई शाळेत आली, सोबत ठकू. ठकू उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

“आत ये,” मी म्हटले.

“आता कशी यिऊ, बाई? लुगड्यात?”

सतरंजीवरच्या मुली तिच्याकडे नवलाने पाहत होत्या. त्यांच्या दृष्टीने तिचा हेवा करण्यासारखेच सर्व होते. पारूबाई सखूबाईशी बोलत होती. तेवढ्यात ठकू हळू आवाजात म्हणाली, “बाई, एक इचारू? त्या दिशी मी मडक्याचं उत्तर चुकवलं असतं तर?”

“तर पाचवी मिळाली नसती.”

“व्हय. पन आता तरी मला कुठं मिळाली? उत्तर आलं तरी न्हाई, न आलं तरी न्हाई. मंग चुकवलं असतं तर परकर तरी राहिला असता. बाबांना आनखी काई दिस न्हाई म्हनता आलं असतं.”

पारूबाईने ते ऐकले. “लई बोलती ही. सासरी असं बोलू नगं बरं.”

दोन शक्यता घेऊन, एकेक तपासून, उरलेली स्वीकारायची, हे मीच तिला शिकवले होते. तिच्या मांडणीत मला चूक सापडली नाही. मी तिच्या लग्नाला गेले. मांडव खरोखरच मोठा होता.

त्यानंतर मी काम करण्याची रीत बदलली. आता माझ्या शाळेत निकाल वाचला जात नाही. पहिली, दुसरी असे क्रम नाहीत. ज्या उत्तीर्ण झाल्या त्या उत्तीर्ण. गुण विचारणाऱ्याला मी सांगते, सगळ्या सारख्याच. देशमुख दर वर्षी चौकशी करतात, “बाई, त्या ज्ञानोबाच्या पोरीसारखी औंदा कुनी न्हाई का? लुगडं आणून ठेवलंय.” मी म्हणते, नाही. त्यांना वाईट वाटते. आताशा ते लोकांत बोलतातही, की पहिल्या वर्षांत बाईंनी चांगले शिकवले, आता तो जोर राहिला नाही. खात्याचेही मत तेच झाले आहे. हैदराबादची जागा माझ्यापेक्षा कमी शिकलेल्या एका बाईंना मिळाली, कारण त्यांच्या शाळेतून हुशार मुली निघतात. या मासिकाचा अंक आमच्या कसब्यात कोणी मागवत नाही, आणि लेखाखाली मी नाव घालणार नाही, म्हणून हे लिहिता येते.

यंदाच्या मुआयन्याला त्याच मोहतमिमा साहेबा आल्या. या खेपेला त्यांनी बाहेर उभ्या असलेल्या गाडीचे चाक दाखवले आणि विचारले, चाकावर लोखंडी धाव बसवण्याआधी लोहार ती का तापवतो?

पाचवीत राधा नावाची एक मुलगी आहे. प्रश्न मी मराठीत सांगायच्या आधीच तिच्या चेहऱ्यावर उत्तर उमटले. तिचे ओठ हलले. तिने माझ्याकडे पाहिले. मी तिच्याकडे पाहिले, नेहमी पाहते तशी, आणि मग प्रश्न सांगितला. राधाने मान खाली घातली.

“न्हाई येत,” ती म्हणाली.

निघताना मोहतमिमा साहेबा गाडीपाशी थांबल्या. त्यांना ती पहिली मुलगी आठवत होती. “बाई, वैसी लडकी फिर कोई नहीं मिली?”

“जी नहीं,” मी म्हणाले.

त्यांनी पडदा ओढून घेतला. गाडी लिंबाखालून निघून गेली तशी मी आत आले. राधा परकराच्या घोळात पाय दुमडून बसली होती, आणि पाटीवर सहावीचे गणित सोडवत होती.